डिचोलीच्या पेंटरमामांना, पिवळ्या गाडीबद्दल

पेंटरमामा, सप्रेम नमस्कार.

तुमच्या कामाचे पैसे चुकते झाले, आभार मात्र मानायचे राहिले. ते चारचौघांसमोर मानावेत असं वाटलं, म्हणून हे पत्र उघड लिहिते आहे. गाडीचा रंग बदलू पाहणाऱ्या कुणी ते वाचलं, तर तुमच्याकडून मला जे कळलं ते त्यालाही उपयोगी पडेल.

मी वाळपईला नर्स आहे. कामाची पाळी संपली की होंड्यावरून साखळीला परत यायचं, हा माझा रस्ता. सत्तरीतला पाऊस तुम्हाला सांगायला नको. आभाळ राखाडी, रस्ता राखाडी आणि माझी गाडीही राखाडी. वळणावर समोरचा ट्रक अगदी जवळ आल्यावर दचकून बाजूला व्हायचा. म्हणून लांबून उठून दिसेल असा रंग गाडीला द्यायचं ठरवलं आणि भर आषाढात गॅरेजं पालथी घातली. "कुठला रंग?" यापलीकडे कुणी काही विचारलं नाही. एका ठिकाणी तर बाहेरून रंग फवारायची गन फिरवून चवथीआधी गाडी हातात देतो म्हणाले.

तुम्ही आधी विचारलंत, "बाय, बदलता कित्याक?"

मी कारण सांगितलं, आणि पुढचं तुमचं सगळं काम त्या कारणाला धरून झालं. माझे खरे आभार यासाठी आहेत.

पहिली गोष्ट, तुम्ही पावसात कामाला हात लावला नाहीत. गिऱ्हाईक दारात उभं असताना "दिवाळीनंतर या" म्हणणं सोपं नाही. हवेत एवढी ओल असताना रंग पातळ करणारा थिनर उडू लागला की पत्रा थंड पडतो, त्यावर बाष्प धरतं आणि रंग पांढुरका, निस्तेज होतो, हे तुम्ही समजावलंत. पुट्टीही ओल पिते आणि पुढे रंगाला फोड येतात. तोवर दिवसाही हेडलाइट लावून चालवा, असं बजावलंत. शिवाय "पिवळा मारला म्हणून दिवे लावायचे सोडू नका, रंग काही ब्रेक मारत नाही," हेही वर सांगितलंत. धंदा मिळत असताना आपल्याच कामाची मर्यादा सांगणारा माणूस मला फार मोठा वाटतो.

दुसरी गोष्ट कागदांची. आरसी बुकात गाडीचा रंग लिहिलेला असतो, तेव्हा आधी आरटीओत अर्ज करायचा आणि काम झाल्यावर नव्या रंगाची नोंद करून घ्यायची, विमा कंपनीलाही कळवायचं, हे तुम्ही पहिल्याच भेटीत सांगितलंत. नाक्यावर पोलिसाने अडवलं आणि बुकात राखाडी, समोर पिवळी गाडी असं झालं तर काय उत्तर देणार? माझ्या मुलाला मिलिटरीचा हिरवा हवा होता. त्याला उडवून न लावता तुम्ही शांतपणे सांगितलंत की तो ऑलिव्ह हिरवा फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांना चालतो. नंतर मी पाहिलं, केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधल्या १२१व्या नियमात ते स्पष्ट आहे.

रंग निवडायची तुमची रीत तर मी जन्मात विसरणार नाही. शेड कार्ड तुम्ही नुसतं दाखवलंत आणि बाजूला ठेवलंत. पत्र्याच्या तुकड्यांवर वेगवेगळे पिवळे मारून तिन्हीसांजेला गल्लीच्या टोकाला भिंतीशी टेकवलेत आणि मला लांब उभं करून विचारलंत, कुठला दिसतो? दुपारच्या उन्हात मला आवडलेला मोहरीसारखा गडद पिवळा कातरवेळी भिंतीत विरून गेला. लिंबाकडे झुकणारा मात्र शेवटपर्यंत दिसत राहिला. माझी आवड आणि माझी गरज यांतला फरक तुम्ही एका शब्दानेही न दुखवता दाखवलात.

मग खरं काम सुरू झालं. दिवे, हँडलं, बीडिंग, कंपनीची अक्षरं, सगळं उतरवलंत. कुठला स्क्रू कुठला, ते पिशव्यांवर लिहून ठेवलंत. दारांच्या खालच्या कडेला पाणी वाहून जायची भोकं असतात, ती लाल चिखलाने बुजली होती आणि आतून पत्रा कुजला होता. तिथे पुट्टी थापून वरून रंग मारला असता तर मला कधीच कळलं नसतं, निदान पुढच्या पावसाळ्यापर्यंत. तुम्ही कुजका भाग कापलात, नवा तुकडा वेल्ड केलात, गंजरोधक प्रायमर दिलात आणि भोकं मोकळी केलीत. त्यानंतरची घासाई मी येता-जाता पाहत होते. ८० नंबरच्या खरखरीत पॉलिश पेपरपासून चढत चढत बारीक पाणीपेपरपर्यंत. अधूनमधून डोळे मिटून पत्र्यावर तळहात फिरवायचात. मलाही फिरवायला लावलात, मला सपाट लागलं. तुम्ही म्हणालात, "इथं खळगा आहे," आणि पुन्हा पुट्टी.

पिवळ्याबद्दल एक गोष्ट मला ठाऊकच नव्हती. हा रंग झाकायला कमकुवत. गडद राखाडीवर थेट मारला तर कितीही हात दिले तरी खालची काळोखी डोकावते आणि पिवळा हिरवट, मळकट दिसतो. म्हणून तुम्ही आधी सगळ्या गाडीला पांढरा दिलात. त्या पांढऱ्या थराचा खर्च जास्त होता. तो कशासाठी, हे तुम्ही अर्धा पत्रा राखाडी आणि अर्धा पांढरा ठेवून, वरून पिवळा मारून दाखवलंत. त्यानंतर माझ्या मनात शंका उरली नाही. शेवटचे हात तुम्ही सकाळीच मारलेत. आधी जमिनीवर पाणी शिंपडून लाल धूळ बसवलीत. डिचोलीत ती किती उडते ते आपण दोघंही जाणतो.

आणि दारांच्या आतल्या कडा! दार उघडलं की जुना राखाडी दिसला असता तर सगळीच मेहनत वाया गेल्यासारखी वाटली असती. चारही दारांच्या चौकटी, डिकीची कड, बोनेटची आतली बाजू, पेट्रोलच्या झाकणाची मागची बाजू, सगळीकडे तोच पिवळा आहे. इंजिनाच्या खोलीत मात्र रंग मारायला तुम्ही नकार दिलात. त्यासाठी इंजिन उतरवावं लागेल, खर्च वाढेल आणि रस्त्यावरून तो भाग कुणालाच दिसत नाही, असं म्हणालात. मला ते पटलं. बोनेट उघडलं की इंजिनाभोवती अजून राखाडी दिसतो, आणि तो तसाच राहू दे.

यंदा पहिला जोराचा पाऊस आला तेव्हा होंड्याच्या पुढे समोरची बस मला पाहून वेळेत डावीकडे झाली. घरी येऊन आईला ते सांगितलं. तिने देवापुढे दिवा लावला आणि तुमचं नाव घेतलं.

आता नर्स म्हणून थोडं बोलू द्या. रंग कडक व्हावा म्हणून तुम्ही त्यात हार्डनर घालता, त्यात आयसोसायनेट नावाचं रसायन असतं. फवाऱ्यातून ते छातीत जातं आणि त्याने दमा लागतो. एकदा का शरीराने ते धरलं की पुढे अगदी थोड्यानेही त्रास होतो. तोंडाला बांधलेला रुमाल ते अडवत नाही. रंगाच्या वाफेसाठी असलेला, दोन्ही बाजूंना फिल्टर बसवलेला मास्क घ्या, चेहऱ्यावर घट्ट बसतो ना ते पाहा आणि फिल्टर वेळच्या वेळी बदला. जिथे दिवसभर गन चालते तिथे नळीने बाहेरची स्वच्छ हवा पुरवणारा मुखवटा त्याहून चांगला. कोट आणि हातमोजेही हवेत, कारण ते कातडीतूनही बाधतं. तुमचा मुलगा आता गन धरू लागला आहे. त्याला पहिल्या दिवसापासून ही सवय लावा.

तुम्हाला सकाळचा खोकला आहे, तो मी ऐकला आहे. "धुळीचा आहे" म्हणून सोडून देऊ नका. फुंकर मारून फुप्फुसांची ताकद मोजायची साधी तपासणी असते, दुखत-खुपत काही नाही. माझी सुट्टी असते त्या दिवशी गॅरेज थोडा वेळ मुलावर सोपवा, मी सोबत येते. नेण्या-आणण्याची काळजी नको, गाडी आहेच.

देव बरें करूं, मामा.

तुमची,
साखळीची नर्सबाय