खाडीतल्या बाईचा पंचनामा कधी होणार?

माननीय मत्स्यव्यवसाय मंत्री,
महाराष्ट्र राज्य

सविनय नमस्कार.

मी मालवण तालुक्यात कर्ली खाडीवर राहते. ओहोटीला तिसरे, कालवं अशी शिंपल्यातली मासळी काढून विकते. 2025 चा पाऊस मे महिन्यातच आला. मुंबईत तो एरवी 11 जूनला पोचतो, त्या वर्षी 26 मे रोजी पोचला. आमचा मे म्हणजे कमाईचा महिना, चाकरमानी घरी आलेले, पर्यटक दारात. ऐन त्यात डोंगराचं गढूळ पाणी खाडीत उतरलं आणि हटेना. तिसरा गोड्या पाण्यात शिंपला मिटून थोडे दिवस तग धरतो, नंतर मरतो. आमच्या हाताला लागले ते उघडे, कुजलेले.

एक साहेब येऊन बघून गेले. आठ दिवसांत पंचनामा करतो म्हणाले. कुणी फिरकलं नाही. कचेरीत गेले तर विचारलं, होडीचा नंबर काय? मला होडी नाही. माझ्या आईलाही नव्हती. तिने याच खाडीवर आम्हाला वाढवलं.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये तुमच्या सरकारने मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा दिला. शेतकऱ्याचं भात कुजलं तर तलाठी बांधावर येतो. माझे तिसरे कुजले तेव्हा कोण आलं? दर्जा होडीवाल्यापुरताच असेल तर तसं छापायचं होतं, आम्ही आशा धरली नसती.

नुकसान एका पावसाचं नाही, साहेब. खाडी गोड्या-खाऱ्या पाण्याच्या मेळावर चालते. शेवटा नावाच्या माशाची पिल्लं समुद्रातून आत येतात, इथे वाढतात. कोळंबीचंही तेच. काळुंदर मासळी दगडाला, बुडालेल्या लाकडाला अंडी चिकटवते आणि नर-मादी दोघं राखत बसतात. लोंढा आला की ती अंडी गाळाखाली जातात. आता पाऊस पडतो तो एकदम पडतो, आणि उघडला की खारं पाणी पूर्वीपेक्षा वर चढतं. पाणी तापलं की त्यातला प्राणवायू कमी होतो. अशा पाण्यात चिलापी, म्हणजे तिलापिया मासा, मजेत जगते. ती आमची नाही, बाहेरून आणलेली. पागात, म्हणजे फेकायच्या जाळ्यात, काळुंदर दोन आणि चिलापी टोपलीभर, असे दिवस आम्ही बघतोय. तांबोशी मासळी तर पाहुण्यासारखी झाली. चिलापीला भाव काय मिळतो, ते बाजारात येऊन विचारा.

हे तुमच्या कुठल्या कागदावर आहे? केरळात 2012 साली जवळजवळ 3.9 लाख टन तारली मिळाली, 2021 मध्ये 3,297 टन. हे जगाला कळलं, कारण तिथे बंदरावर कुणीतरी मोजत होतं. आमचा मासा बंदरावर जातच नाही. टोपलीतून दारोदार विकला जातो. म्हणजे तो होता याचाही पुरावा नाही आणि संपला याचाही नाही.

विचारलं की उत्तर येतं, हवामान बदललं, निसर्गापुढे कुणाचं चालतं? हवामान आम्ही बदललं का? आमच्याकडे इंजिनसुद्धा नाही. आणि खाडीतली वाळू उपसणारे ड्रेझर निसर्गाने पाठवले का? क्यार, निसर्ग, तौक्ते, प्रत्येक वादळानंतर गाड्यांचे ताफे आले, जेटीवर फोटो निघाले. मदत मुख्यतः होड्या आणि जाळी मोजून झाली. पापलेटला राज्यमासा केलंत, चांगलं केलंत. पण मी खाडीत उतरते, तरी मला अजून मच्छीमार म्हणून ओळखपत्र मिळालेलं नाही. मतदार यादीत मात्र आमची नावं कधी चुकत नाहीत. पक्ष कुठलाही येवो, आम्ही चिखलातच.

मागणं एवढंच आहे. होडी नसलेल्यांची नोंद करा. कर्लीपासून सुरुवात करून दर खाडीत महिन्याला मासा मोजा, आणि मोजायला आमच्यातल्याच बायका घ्या, पगार देऊन. मेलेल्या तिसऱ्यांचा पंचनामा नियमात बसवा. होणार नसेल तर का होणार नाही ते लेखी कळवा. तोंडी आश्वासन आम्ही यापुढे घेणार नाही.

कर्ली खाडीवरची एक मच्छीमार बाई