आडवा आठ दाबून धर

पुणे, रविवार

प्रिय विनू,

सप्रेम नमस्कार.

क्वेस्ट ३, म्हणजे तो आभासी जग दाखवणारा हेडसेट, डोळ्यांवर चढवून तू परवा "अगं, हे बंद कसं करायचं?" म्हणून ओरडत होतास, असं वहिनींनी सांगितलं. हसलो नाही, कारण माझं याहून वाईट झालं होतं. पहिल्या दिवशी मी सोफ्यावर तिरका बसून चालू केलं आणि मेनू उगवला तो थेट डाव्या खांद्यापाशी. मला वाटलं, हे असंच असतं! तासभर मान वाकडी करून बसलो, रात्री बाम चोळून घेतला. शेवटी नातू म्हणाला, "आजोबा, बटण दाबून धरा ना."

ते बटण उजव्या हातातल्या कंट्रोलरवर आहे. त्यावर इंग्रजी आठ आडवा झोपवल्यासारखी खूण दिसेल (आपला ८ नव्हे). एकदा दाबलंस की मुख्य मेनू येतो, कुठल्याही खेळात अडकला असलास तरी. समोर बघत दोन-तीन सेकंद दाबून धरलंस की सगळं जग तुझ्या नाकासमोर येऊन सरळ होतं. बाकी काही विसरलास तरी चालेल, एवढं विसरू नकोस. डाव्या हातातलं तीन रेघांचं बटण वेगळं, ते त्या-त्या ॲपच्या मेनूचं. मी दोन दिवस तेच दाबत बसलो होतो.

हातातून किरण निघतो, तो हव्या त्या चौकोनावर ने आणि तर्जनीखालचा खटका ओढ. मधल्या बोटाखालचा वस्तू पकडायला. यादी वरखाली करायला अंगठ्याची दांडी. कंट्रोलर बाजूला ठेवलेस तर नुसते हातही चालतात: तळवा स्वतःकडे कर आणि मीठ चिमटीत धरतोस तशी अंगठा-तर्जनी जुळव, मेनू हजर. पण माझी चिमूट दहात तीनदा तरी त्याला कळत नाही, म्हणून मी आपला कंट्रोलरवाला.

धूसर दिसतं म्हणालास ना? खालच्या बाजूला एक चाक आहे, त्याने दोन भिंगांतलं अंतर कमी-जास्त होतं. अक्षरं काठापर्यंत स्वच्छ होईस्तोवर फिरव. चष्मा लावूनच घालणार असशील तर आतली गादी थोडी पुढे सरकवता येते.

सेटिंगमध्ये दोन टिचक्यांची सोय चालू करून घे. मग हेडसेटच्या बाजूला टकटक केलं की खरी खोली दिसते. चहा आला की हेच करतो. आधी नुसता आवाजाच्या दिशेने हात पुढे केला होता, तो थेट कपात. खेळायच्या जागेची सीमारेषा आखताना २ मीटर बाय २ मीटर जागा मोकळी ठेव आणि ते टीपॉय आधी हलव, त्याचा कोपरा मला ठाऊक आहे.

बंद करायला डाव्या बाजूचं बटण दाबून धर. आणि खिडकीत ठेवू नकोस रे! भिंगातून ऊन आत गेलं की हेडसेटचा स्क्रीन जळतो.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
मध्या