टोकियोतील दोन दिवसांसाठी ताईंना आभारपत्र

आदरणीय ताई,
स. न. वि. वि.

टोकियो सोडताना विमानतळावरून आपल्याला फोन केला, तेव्हा "त्यात काय एवढं" म्हणून आपण आभार मानूच दिले नाहीत. म्हणून हे जाहीर पत्र. आपल्या धाकट्या भावाची आणि माझी साताऱ्यातील ओळख, एवढ्याच धाग्यावर आपण शनिवारी सकाळी निशी-कासाईहून आमच्या हॉटेलवर आलात आणि रविवारी रात्रीपर्यंत, गुडघ्यांनी बेजार झालेल्या माझ्या आईच्या चालीने, आमच्याबरोबर फिरलात.

आसाकुसातील सेन्सोजी मंदिर पाहून आम्ही भारावून गेलो होतो. मार्च १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात जुने मंदिर जळाले आणि समोर दिसते ते १९५८ साली काँक्रीटमध्ये बांधलेले आहे, हे आपण तेव्हाच सांगितलेत. ज्या कामिनारिमोन दरवाजापाशी आम्ही हौसेने फोटो काढले, तोही १८६५ मध्ये जळाल्यावर ९५ वर्षे जागेवर नव्हता. १९६० मध्ये उद्योगपती कोनोसुके मात्सुशिता यांच्या देणगीतून तो पुन्हा उभा राहिला. आईचा चेहरा जरा उतरला. "अहो, आपल्याकडे जीर्णोद्धार होतो ना, तसंच हे," असे आपण म्हणालात आणि तिने पुन्हा हात जोडले.

तेथून तीनएक किलोमीटरवरच्या यानाकात आपण आम्हाला दुपारी का नेलेत, ते तिथे पोहोचल्यावर उमगले. १९२३ च्या भूकंपानंतरच्या आगीतून आणि १९४५ च्या हल्ल्यांतूनही हा भाग बराचसा वाचला, म्हणूनच बैठी लाकडी घरे, अरुंद बोळ आणि पावलोपावली देवळे तेथे अजून टिकून आहेत. निप्पोरीकडून आले की युयाके दानदानच्या पायऱ्या उतराव्या लागतात, म्हणून आपण मुद्दाम सेन्दागीच्या बाजूने आणलेत. त्या पायऱ्यांच्या माथ्यावरून दिसणारा प्रसिद्ध सूर्यास्त त्यामुळे हुकला. "सूर्य साताऱ्यातही मावळतो," असे म्हणून आईने तो विषय संपवला. मात्र एका तिठ्यावरचा, कुंडीतल्या रोपापासून वाढल्याचे सांगतात तो अवाढव्य हिमालयी देवदार तिने बराच वेळ पाहिला. इतक्या दूर आपल्याकडचे झाड भेटल्याचे तिला फार अप्रूप वाटले.

रविवारी आसाकुसाहून शिबुयाला जाताना गिन्झा लाइनची गंमत आपण आधी सांगितली नाहीत, हे फार बरे केलेत. १९२७ मध्ये आसाकुसा ते उएनो एवढ्याच अंतरावर सुरू झालेला हा भुयारी मार्ग शिबुयाला पोहोचतो तेव्हा गाडी रस्त्याच्या वर, उंचावरच्या फलाटावर येऊन थांबते. गाडी फारशी चढलेली नसते. शिबुया दरीत आहे, त्यामुळे जमीनच खाली गेलेली असते. खरे सांगायचे तर मला तिथल्या जगप्रसिद्ध चौकापेक्षा हे अधिक आवडले; गर्दी आम्ही दादरला पाहिलेली आहे. हाचिको कुत्र्याचा १९३४ चा मूळ पुतळा युद्धात धातूसाठी वितळवला गेला आणि आजचा १९४८ चा आहे, हे कळल्यावर मात्र आईला हसू आले. "इथं कशाचंही साल विचारूनच घ्यावं," ती म्हणाली.

ती सवय तिला लागलीच होती. हाराजुकुच्या ताकेशिता गल्लीतला गोंगाट आम्ही पाच मिनिटांत ओलांडला आणि मेइजी मंदिराच्या सावलीत शिरताच तिने साल विचारले. मूळ मंदिर १९२० चे, १९४५ मध्ये जळालेले आणि पुन्हा बांधलेले १९५८ मध्ये, म्हणजे सेन्सोजीच्याच वर्षी, पण इथे लाकडात. भोवतीचे गर्द रान लोकांनी दिलेल्या सुमारे एक लाख झाडांतून माणसांनी लावलेले आहे, यावर तिचा अजूनही पुरता विश्वास बसलेला नाही.

आणखी एका गोष्टीचा उल्लेख राहून गेला तर आई रागावेल. आईला मासे चालत नाहीत आणि तिकडे साध्या भाजीच्या रश्शातही वाळवलेल्या माशाचा अर्क असतो, हे जाणून आपण जपानीत चिठ्ठी लिहून दिलीत. ती दाखवली की हॉटेलातले लोक आत जाऊन विचारून येत आणि पुष्कळदा दिलगिरीने मान हलवत. अशा वेळी आपल्या डब्यातील थालीपीठ बाहेर निघे.

तो डबा चुकून आमच्याबरोबर साताऱ्याला आला आहे. आपला भाऊ दिवाळीनंतर तिकडे येईल, तेव्हा त्याच्याबरोबर तो परत पाठवत आहोत. रिकामा डबा परत करायचा नाही, असे आईचे म्हणणे आहे, त्यामुळे त्यात मेतकूट असेल.

आपला कृतज्ञ,
साताऱ्याचा पाहुणा