काटा थंड, इंजिन उकळतंय

महोदय,

जुन्या मोटारींवर आपल्याकडे कौतुकाने लिहिलं जातं, पण बहुतेक वेळा रंग आणि क्रोमबद्दलच. इंजिनाच्या तब्येतीबद्दलही लिहावं, म्हणून हे पत्र.

वडिलांच्या गाडीला तापमानाचा काटा नव्हता. इंजिनाच्या ब्लॉकला छिद्र पाडायचं जिवावर आलं, म्हणून रेडिएटरच्या वरच्या होजमध्ये (रबरी नळीत) धातूचा अ‍ॅडॉप्टर घालून त्यात सेन्डर, म्हणजे पाण्याचं तापमान काट्याला कळवणारा सेन्सर, बसवला. पहिल्याच चढावर बॉनेटखालून वाफ आली. काटा मात्र तळाशी, ढिम्म! अ‍ॅडॉप्टरच्या दोन्ही बाजूंना रबर, म्हणजे सेन्डरला अर्थिंगच, इंजिनाच्या धातूशी विजेची जोडणीच, नव्हती. असा सेन्डर तापला की त्याचा विद्युत रोध कमी होतो आणि काटा चढतो. सर्किटच तुटलं तर गेज 'थंड' दाखवतं. अ‍ॅडॉप्टरपासून इंजिनापर्यंत एक वायर ओढली आणि काटा हलला. एवढ्याशा वायरीपायी हेड गॅस्केट (इंजिनाचा ब्लॉक आणि हेड यांमधलं सील) जायची वेळ आली होती.

सेन्डरच्या आट्यांचंही तसंच. १/८ एनपीटी या अमेरिकन मापाला इंचात २७ आटे, १/८ बीएसपी या ब्रिटिश मापाला २८. एकाचा सेन्डर दुसऱ्याच्या छिद्रात घातला तर पहिले दोन-तीन फेरे बिनबोभाट जातात, मग अडतं. तिथे पान्याने जोर लावू नका, जुनं ओतीव लोखंड तडकतं. सेन्डरचं टोक पाण्यात बुडालेलं हवं, हवेच्या पोकळीत नको. बसवण्याआधी सेन्डर गेजला जोडून, त्याच्या धातूला अर्थ देऊन, गरम पाण्यात थर्मामीटरसोबत बुडवून बघा.

आपला,
एक नियमित वाचक