बाटली परत फळीवर ठेवणाऱ्या काकांना

गिरगाव, मुंबई

काका,
सा. न. वि. वि.

दुकानात उभं राहून आभार मानायला गेलं की तुम्ही "बरं, आणखी काय देऊ?" म्हणून विषय बदलता. म्हणून चारचौघांसमोर लिहिते आहे. लग्न होऊन या चाळीत आले तेव्हापासून माझं अर्धं घर तुमच्या दुकानातल्या डब्यांवर आणि तुमच्या सांगण्यावर चाललं आहे.

गौरी-गणपतीच्या आधी मी समया आणि ताम्हण उजळायला पॉलिशची बाटली मागितली होती. तुम्ही ती काढलीत आणि विचारलंत, "भांडी कशाची? वर मुलामा नाही ना?" नाही म्हटल्यावर बाटली परत फळीवर गेली आणि जुनी काळी चिंच पुडीत बांधून माझ्या हातात आली. कोमट पाण्यात भिजवायची, जाड मीठ घालून चोळायची, लगेच धुवायची, कोरड्या फडक्याने पुसायची. हवेमुळे तांब्या-पितळेवर ऑक्साइडची काळपट पुटं चढतात, चिंचेतलं टार्टारिक आम्ल ती विरघळवतं. बोटांखाली काळं पाणी सुटत गेलं आणि ताम्हणाच्या मधोमध गुलाबीसर तांबं उघडं पडलं. बाटली खपली असती तर तुम्हाला चार पैसे जास्त सुटले असते. ते सोडून तुम्ही चिंच दिलीत, हे मी विसरलेले नाही.

सदऱ्याचं तर चाळभर झालं होतं. सासऱ्यांच्या पांढऱ्या सदऱ्यावर आमटी सांडली, सासूबाईंनी त्यावर साबणाची वडी फिरवली आणि पिवळा डाग डोळ्यांदेखत लाल झाला. घरात नुसता कल्ला. ओला सदरा तसाच घेऊन मी खाली धावले. तुम्ही गिऱ्हाईक थांबवून लिंबू कापलंत, डागावर दोन थेंब पिळलेत आणि लाल रंग पुन्हा पिवळा झाला! "हळद आहे, वहिनी. क्षार लागला की लाल होते, आंबट लागलं की परत पिवळी. चुना घालून हळदीचंच कुंकू करतात ना? तसंच. आता साबणाने स्वच्छ धुवा आणि उन्हात टाका." हळदीला रंग देणारं कर्क्युमिन उन्हात टिकत नाही, हे मी पुढे वाचलं, पण उपाय आधी तुमच्याकडून मिळाला होता. भाद्रपदातलं मुंबईचं ऊन ते केवढं! गॅलरीत जिथे कवडसा पडेल तिथे सासूबाई सदरा सरकवत राहिल्या. संध्याकाळी डाग शोधावा लागत होता.

निरांजनाचं आणि अत्तरदाणीचंही तसंच. चांदी घासू नका, घासली की झिजते, म्हणालात. पातेल्यात ॲल्युमिनियमची फॉइल, त्यावर चांदी टेकवून ठेवायची, वरून खाण्याचा सोडा आणि कडकडीत पाणी. चांदी काळी पडते ती हवेतल्या गंधकामुळे. ते गंधक ॲल्युमिनियम ओढून घेतं आणि चांदी जागच्या जागी राहते. अंड्यासारखा वास आला तर घाबरू नका, हेही आधीच सांगितलंत. खड्यांच्या आणि मुद्दाम काळ्या केलेल्या दागिन्यांना मात्र हे करायचं नाही, ही ताकीद वेगळी.

रिठ्याच्या पाण्यात रेशमी साडी, भाताच्या पेजेची सुती साडीला खळ, पावसाळ्यात मिठाच्या बरणीत तांदळाचे दाणे, तूरडाळीला एरंडेलाचा हात, ही यादी संपायची नाही.

पण मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते तुमचं "नाही" म्हणणं. हल्ली मोबाइलवर जो तो सोडा आणि व्हिनेगर एकत्र ओतून फेस दाखवतो. तुम्ही साफ सांगितलंत की तो फेस नुसता वायू असतो, दोघं एकमेकांना मारतात आणि मागे जवळपास खारं पाणीच उरतं. त्यापेक्षा नळावरच्या पांढऱ्या खरपुड्यांना एकटं व्हिनेगर लावा, चिकट ओट्याला एकटा सोडा. भाजल्यावर हळद, टूथपेस्ट, लोणी काहीच लावू देत नाही तुम्ही. वाहत्या नळाखाली चांगली वीस मिनिटं हात धरा, म्हणता. आणि कुणी संडास धुवायचं ॲसिड नि ब्लीचिंग पावडर एकदम मागितली, की पिशवीत भरण्याआधी तुमचा हात थांबतो. "दोन्ही एकत्र ओतणार नाही ना? क्लोरीन सुटतो, छातीत भरतो." आमच्या मजल्यावरच्या संडासाला खिडकी हाताएवढी. तिथे असं कुणी केलं असतं तर काय झालं असतं, हा विचार मनात आला की तुमच्याबद्दल फार कृतज्ञ वाटतं.

हे सगळं पुडीमागे लिहून येत नाही. तुम्ही प्रत्येकीला, प्रत्येक वेळी, न कंटाळता तोंडाने सांगता. मनापासून आभार, काका. काकूंनाही नमस्कार सांगा. एरंडेल चोळून डाळ उन्हात कशी ठेवायची, ते त्यांनीच मला वर येऊन दाखवलं होतं.

आणि हो, रिठे संपलेत असं तुमचा मुलगा म्हणाला. दिवाळीच्या आत मागवून ठेवायला सांगा. आमच्या मजल्यावर सगळ्यांच्या रेशमी साड्या धुवायच्या राहिल्यात.

आपली,
दुसऱ्या माळ्यावरची वहिनी