‘कन्सल्टंट’ म्हटल्याने नोकरदार सल्लागार होत नाही

मा. संपादक,
सादर नमस्कार.

पुण्यात करसल्लागार म्हणून काम करताना दर जुलैमध्ये माझ्याकडे विवरणपत्र भरून घ्यायला येणाऱ्या तरुणांत एक वर्ग सतत वाढताना मी पाहतो आहे. ही मुले-मुली रोज हिंजवडीच्या किंवा खराडीच्या कंपनीत ठरलेल्या वेळेला जातात, कंपनीच्याच लॅपटॉपवर काम करतात, टीम लीडने मंजूर केल्याखेरीज त्यांना सुट्टी मिळत नाही. पण त्यांच्या हातात फॉर्म १६ (पगारावरील करकपातीचा दाखला) नसतो, १६ए (पगाराखेरीज इतर रकमांवरील कपातीचा दाखला) असतो. मनुष्यबळ पुरवणाऱ्या ज्या एजन्सीने त्यांना कामाला लावले, तिने त्यांची नोंद ‘कन्सल्टंट’ अशी केलेली असते. त्याचा अर्थ विचारला, तर ‘एजन्सी म्हणाली, असं केलं की टॅक्स कमी लागतो’ एवढेच उत्तर मिळते.

प्राप्तिकर कायदा पगार आणि व्यावसायिक शुल्क यांत भेद करतो. पगारावर कलम १९२ नुसार वर्षभराच्या उत्पन्नाचा अंदाज घेऊन कर कापला जातो. व्यावसायिक शुल्कावर कलम १९४ जे नुसार १० टक्के, तर एप्रिल २०२० पासून तांत्रिक सेवांवर २ टक्के टीडीएस (पैसे देतानाच कापायचा कर) कापला जातो. (१ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या कायद्यात कलमांचे क्रमांक बदलतात, भेद तोच राहतो.) एजन्सींची समजूत अशी की, यांपैकी काय लावायचे हे करारपत्राच्या मथळ्यावर आणि उमेदवाराच्या सहीवर अवलंबून आहे. न्यायालयांनी मात्र मथळ्याच्या पलीकडे जाऊन प्रत्यक्ष संबंध तपासला आहे. ध्रांगध्रा केमिकल वर्क्सच्या १९५६ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने मिठागरात मीठ पिकवणाऱ्या आगरियांना कामगारच ठरवले, कारण काय काम करायचे एवढेच नव्हे, तर ते कसे करायचे यावरही मालकाचे नियंत्रण होते. उलट, २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने आपल्या पुण्यातल्याच रुबी हॉल क्लिनिकच्या प्रकरणात, ज्या सल्लागार डॉक्टरांना स्वतःची खासगी प्रॅक्टिस करण्याची मुभा होती, त्यांना रुग्णालयाचे नोकर मानण्यास नकार दिला. दोन्ही निकालांत उत्तरे वेगळी असली, तरी पाहिले गेले ते संबंधाचे खरे स्वरूपच.

आता माझ्यासमोर येणारी करारपत्रे पाहा. पहिल्या पानावर ‘हा संबंध मालक-नोकराचा नाही’ असे ठळक वाक्य असते आणि चौथ्या पानावर लिहिलेले असते की कराराच्या काळात दुसरीकडे कोठेही काम करता येणार नाही, हजेरी बायोमेट्रिकवर लागेल आणि काम सोडायचे तर ९० दिवसांची नोटीस द्यावी लागेल. दुसऱ्या कोणाचेही काम घेण्यास मनाई असलेला हा सल्लागार कोणत्या अर्थाने स्वतंत्र व्यावसायिक आहे, हे मी एका एजन्सीच्या एचआर अधिकाऱ्यांना फोनवर विचारले, तेव्हा ‘उमेदवाराने संमती दिली आहे’ हेच उत्तर त्यांनी तीन वेळा दिले.

यामागचे आकर्षण मी लपवू इच्छित नाही, कारण ते आकड्यांत स्पष्ट दिसते. महिन्याला दीड लाख म्हणजे वर्षाला १८ लाख रुपये मिळवणाऱ्या पगारदाराला आर्थिक वर्ष २०२५-२६ मध्ये नव्या करप्रणालीनुसार, ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट धरूनही, सुमारे १,५०,८०० रुपये कर लागतो. हीच रक्कम व्यावसायिक शुल्क म्हणून दाखवून व्यावसायिकांसाठीच्या अंदाजित उत्पन्नाच्या कलम ४४ एडीएचा आधार घेतला, तर निम्मी म्हणजे ९ लाखच उत्पन्न धरले जाते आणि सवलतीमुळे कर शून्य होतो. खऱ्या सल्लागारासाठी ही तरतूद योग्यच आहे, कारण त्याला जागा, उपकरणे, वीज हा सगळा खर्च स्वतः करावा लागतो. पण जो वस्तुतः नोकरदार आहे, त्याच्या बाबतीत विभागाने हे उत्पन्न पगार ठरवले, तर त्याला कर व्याजासह भरावा लागतो, आणि कमी कर कापल्याबद्दल पैसे देणाऱ्यावर कलम २०१ ची, म्हणजे कसूरदार ठरण्याची, जबाबदारी येते. एजन्सींना आपल्यावरच्या या जबाबदारीची जाणीव नसावी, असे त्यांच्याशी बोलताना वारंवार वाटते.

लहान पगाराच्या मुलांचे नुकसान वेगळे आहे आणि मला त्याचेच अधिक वाईट वाटते. महिना ६०,००० रुपयांवर सॉफ्टवेअर टेस्टिंगचे काम करणाऱ्या एका मुलाला एजन्सीने सांगितले होते की १० टक्के कापले म्हणजे कर भरून झाला, विवरणपत्राची गरज नाही. त्याच्यावर मुळात कर देय नव्हता. वर्षाचे ७२,००० रुपये त्याला परत मिळाले असते. पण तो माझ्याकडे आला तेव्हा उशिराने विवरणपत्र भरण्याची ३१ डिसेंबरची मुदतही उलटून गेली होती आणि आता विलंब माफीसाठी अर्ज करावा लागला आहे. पीएफ नाही, ग्रॅच्युइटीसाठी सेवा मोजली जात नाही. एका मुलीला तर बाळंतपणाच्या रजेऐवजी करार संपल्याचा ईमेल आला.

जीएसटीबाबतही असाच गोंधळ आहे. ‘कंपनी बंगळुरूची आहे, म्हणजे आंतरराज्य सेवा, म्हणून नोंदणी सक्तीची’ असे एजन्सी सर्रास सांगतात. वास्तविक ऑक्टोबर २०१७ च्या अधिसूचनेनुसार २० लाखांपर्यंत उलाढाल असलेल्या सेवा पुरवठादाराला आंतरराज्य सेवेसाठी नोंदणीची सक्ती नाही. विनाकारण नोंदणी केलेली मुले मग जीएसटीची विवरणपत्रे भरण्यात आणि विलंब शुल्क देण्यात अडकतात.

चूक उलट दिशेनेही होते. तीन कारखान्यांची कामे एकाच वेळी पाहणाऱ्या एका निवृत्त अभियंत्याला, ‘आमची पद्धत अशीच आहे’ म्हणून, एका एजन्सीने आपल्या पे-रोलवर येण्याचा आग्रह धरला आणि त्यांनी ते काम सोडले. एजन्सीने माणसाला स्वतःच्या पे-रोलवर घेऊन कंपनीत पाठवणे पूर्णपणे कायदेशीर आहे आणि अनेक एजन्सी ते नीट करतात. तक्रार आहे ती काम न पाहता शिक्का मारण्याबद्दल.

माझी सूचना मर्यादित आहे. टीडीएस कोणत्या कलमाखाली कापणार, फॉर्म १६ मिळणार की १६ए, पीएफ लागू आहे की नाही आणि उमेदवाराला नोकर किंवा सल्लागार मानण्याची कारणे कोणती, हे प्रत्येक एजन्सीने रुजू होण्यापूर्वी लेखी द्यावे. प्राप्तिकर विभागाच्या पुण्यातील टीडीएस कार्यालयाने या एजन्सींसाठी मराठीतून एखादी कार्यशाळा घेतली, तर माझ्यासारखे अनेक करसल्लागार तिथे विनामूल्य वेळ द्यायला तयार होतील. मी स्वतः तयार आहे.

आपला,
एक करसल्लागार, पुणे