काचेमागची किंमत मुलांना विचारू द्या

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

सुट्ट्या लागल्या की जळगाव, पाचोरा, चाळीसगावहून रात्रीच्या गाडीने निघालेली अनेक कुटुंबे मुलाबाळांसह पहाटे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर उतरतात. गेटवे, राणीची बाग आणि चौपाटीच्या जोडीला हल्ली उंची दुकानांचा भागही त्यांच्या यादीत असतो. बहुतेकांची पावले लोअर परळच्या किंवा वांद्रे-कुर्ला संकुलातील वातानुकूलित मॉलकडे वळतात. मुले बरोबर असतील, तर त्याऐवजी फोर्टातील हॉर्निमन सर्कल ते काळा घोडा हा पट्टा पायी हिंडावा आणि मुख्य म्हणजे तिथे मुलांना गप्प बसवू नये, असे मला वाटते.

मॉलमध्ये गारवा असतो, स्वच्छतागृह असते, हे मान्य करायला हवे. फोर्टात लहान मूल बरोबर असताना स्वच्छतागृह शोधणे हा एक उद्योगच होतो आणि दुकानेही साधारण अकराच्या आधी उघडत नाहीत. परंतु मॉलमध्ये घरून आणलेल्या दशम्या उघडता येत नाहीत आणि दुकानांपलीकडे पाहण्यासारखे फारसे काही नसते. इकडे मात्र सर्कलच्या मधोमध बाग आहे, समोर १८३३ साली पूर्ण झालेला टाऊन हॉल आहे आणि चालत जाण्याच्या अंतरावर छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय असून त्याच्या आवारात मुलांसाठी वेगळे बालसंग्रहालयही आहे. (ज्यांच्या नावाने हे सर्कल ओळखले जाते, ते हॉर्निमन आपल्याच व्यवसायातले, 'बॉम्बे क्रॉनिकल'चे हे संपादक सरकारवरील टीकेमुळे १९१९ मध्ये देशाबाहेर घालवले गेले.)

याच सर्कलमध्ये 'एर्मेस' या फ्रेंच कंपनीचे दुकान २०११ पासून आहे. अशा दुकानांच्या काचेसमोर आपली मुले थबकतात आणि पर्सची किंमत मोठ्याने विचारतात. आईवडील मात्र ओशाळून त्यांना पुढे ओढतात. एका दुकानाच्या दारात तर रखवालदाराने आमच्या पायांतल्या चपलांकडे पाहून 'काही घ्यायचे आहे का' असे विचारले होते, त्यामुळे हा संकोच मला समजतो. तरीही शेतकऱ्याच्या घरातील मुलगा जेव्हा त्या पर्सची किंमत कापसाच्या क्विंटलात मोजू लागतो, तेव्हा त्याला थांबवू नये. २०२५-२६ च्या हंगामासाठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये जाहीर झाला आहे. लाखांतली किंमत दिसली की भागाकार त्याने स्वतः करावा आणि आलेले उत्तर घरी आजोबांनाही सांगावे.

हा हिशेब त्या जागेला परका नाही. सर्कलच्या गोलाकार इमारती उभ्या राहण्यापूर्वी तिथे मोकळे मैदान होते आणि त्यावर कापसाच्या गाठी रचलेल्या असत. हा बाजार १८४४ मध्ये कुलाब्याला हलवण्यात आला. पुढे अमेरिकी यादवीच्या काळात, म्हणजे १८६१ ते १८६५ या वर्षांत, इंग्लंडच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला, तेव्हा मुंबईच्या व्यापाऱ्यांकडे अमाप पैसा आला. फोर्टातल्या कित्येक भव्य इमारती त्यानंतरच्या आहेत, आणि त्या व्यापारात आपल्या खानदेशच्या कापसाचाही वाटा होता. लोअर परळचा झगमगता मॉल फिनिक्स गिरणीच्या जमिनीवर उभा आहे, हेही मुलांना सांगता येईल. जळगावात खानदेश मिलच्या जागेचे काय झाले, हे मात्र त्यांना सांगावे लागत नाही. स्टेशनाबाहेर पडताच दिसते.

शाळांच्या सहली बहुधा डिसेंबर-जानेवारीत निघतात आणि त्या सुमारास कपाशीची वेचणीही आटोपत आलेली असते. खानदेशातील ज्या शाळा मुंबईला जातात, त्यांनी अर्धा दिवस या भागासाठी राखावा आणि स्वच्छतागृहाची सोय होईल अशा बेताने वस्तुसंग्रहालयापासून सुरुवात करून दुकाने उघडल्यावर हॉर्निमन सर्कलकडे यावे, अशी माझी मुख्याध्यापकांना आपल्या दैनिकामार्फत विनंती आहे.

आपला,
एक वाचक, अमळनेर